जाखमातेचे वीस फेरे

"विमल, तुझ्या पोरीच्या खुब्यात काय बिघाड झालाय का गं?"

गौराकाकीने दुधाची किटली ओट्यावर आपटली आणि उत्तराची वाट न बघता उंबऱ्यातच बसकण मारली. विमलबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मग म्हणाली, "नाय. का?"

"नाय कशी? रोज पाचाला मी दूध घालायला निघते तेव्हा बघते ना. जाखमातेच्या रस्त्याला कंबर हलवत, हात झटकत अशी जाते, जशी मागं आग लागलीय. बरं, आग लागली तर माणूस पळंल. ही पळत नाय! परवा तीन कुत्री लागली मागं, तरी चालतेच! आणि वर जाऊन बूट घालून देवळाला वळसा मारते. एकदा नाय, दोनदा. लोक बोलाया लागलेत, विमल."

लोक म्हणजे गौराकाकी. पण त्या गावात तेवढे पुरे होते.

विमलबाईची मुलगी हर्षला वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत राज्यात दुसरी आली होती. अशी शर्यत असते. ऑलिंपिकमध्येसुद्धा होती, पण ऑलिंपिक बघताना आपण नेमके तेव्हा चहा टाकायला उठतो. नियम दोन. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. हे करून माणसाने पाच मिनिटांच्या आत किलोमीटर संपवायचा. करून बघा. किलोमीटर राहू द्या, अंगणाच्या टोकापर्यंत करून बघा.

हर्षलाच्या दारापासून जाखमातेचं देऊळ बरोबर अडीच किलोमीटर. जाऊन येऊन पाच. रोज दोन खेपा, सुट्टीच्या दिवशी चार. तिचे गुरू नवनाथ सर यांनी बजावलं होतं, "जागच्या जागी वळू नको, गुडघा जाईल. कशाला तरी गोल फिरून ये." गोल फिरण्यासारखी वस्तू एकच होती. देवळाभोवती गावचे पुढारी येसाजीशेठ यांनी पंचायतीच्या पैशातून काँक्रीटचा गोल रस्ता केला होता आणि त्यावर तीन ठिकाणी स्वतःचं नाव कोरलं होतं. हर्षला त्या तिन्ही नावांवरून रोज बूट घालून जायची. त्यात तिला थोडं सुखही होतं.

नवनाथ सर स्वतः एके काळचे राज्यविजेते. सध्या शिळफाट्यावर टेंपोचे पंक्चर काढतात. राज्याने त्यांना पदक दिलं, पाना त्यांनी स्वतः विकत घेतला.

विमलबाईने गौराकाकीला खरं सांगायला काय हरकत होती, असं कुणी विचारेल. सांगून झालं होतं. गेल्या वर्षी सांगितलं होतं, पोरगी स्पर्धेसाठी चालते म्हणून. गौराकाकी दोन दिवस हसत होती. "चालायची स्पर्धा! मग माझ्या म्हशीचं पण नाव घाला की!" ती गोष्ट खालापूरपर्यंत गेली आणि कर्जतच्या एका बऱ्या स्थळाने 'मुलीच्या कंबरेत दोष आहे' म्हणून नकार कळवला. खरं बोलण्याचा एवढा अनुभव विमलबाईला पुरेसा होता.

तिने पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, "नवस हाय तिचा."

गौराकाकी उठून उभी राहिली. "काय सांगतेस! कशासाठी?"

"ते सांगायचं नसतं."

"आणि बूट?"

"बुटासकटच बोललीय."

"आणि पळायचं नाय?"

"पाय जमिनीवरनं सुटला की नवस तुटला."

नियम खेळाचाच होता. विमलबाईने त्याचा फक्त मालक बदलला.

*

हर्षला मोहोपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, कंत्राटावर. पहाटेची खेप उरकून साडेसहाला शिळफाट्यावरून बस, सात ते तीन उभं राहून डबे भरायचे, घरी येऊन दोन तास झोप, मग दुसरी खेप. देशाच्या पहिल्या दहा चालणाऱ्या बायांत तिचं नाव होतं, आणि देशाला तिचा पत्ता विचारला असता तर देश डोकं खाजवत बसला असता.

फेब्रुवारीत रांचीला राष्ट्रीय स्पर्धा होती. पहिल्या तिघींना सराव शिबिरात जागा. म्हणजे जेवण, खोली, डॉक्टर आणि महिन्याला भत्ता. चौथी आली तर परत पॅकिंग. एवढा साधा हिशोब होता, आणि त्यासाठी पाच दिवसांची रजा पाहिजे होती. संघटनेचं शिक्का मारलेलं पत्र घेऊन ती किशोर साहेबांसमोर उभी राहिली. किशोर साहेब कारखान्यात माणसांचं खातं बघायचे. माणसांकडे न बघता.

"चालण्याची?" त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे पळण्याची ना?"

"नाही साहेब. चालण्याची."

"चालतो तर मीपण." ते खरंच खुर्चीतून उठले, कपाटापर्यंत चालत गेले आणि परत आले. "बघ. याला पदक मिळतं?"

"याला नाही मिळत साहेब. तुमचा गुडघा वाकला."

इथे तिची चूक झाली, हे मान्य करायला हवं. साहेबांनी पत्र टेबलावर टाकलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. "पाच दिवस नाही जमणार. मार्चच्या आधी डिस्पॅच आहे. आणि तू कंत्राटी. कंत्राटी माणसाला खेळाची रजा हा कॉलमच नाही फॉर्ममध्ये."

सव्वा महिन्यात ती तीनदा गेली. तीन पत्रं झाली. तीन कपांचे तीन गोल डाग झाले. रजा नाही.

*

गावात मात्र वेगळंच चाललं होतं आणि हर्षलाला ते कळायला आठवडा लागला. आधी कुत्री गेली. गौराकाकीने पहाटे काठी घेऊन त्यांचा बंदोबस्त केला होता. मग वाटेवरचे दोन खड्डे कुणीतरी मुरूम टाकून बुजवले. मग एके दिवशी देवळाच्या वळणावर पाच बायका उभ्या. एकीने पाण्याचा तांब्या पुढे केला, दुसरीने पायावर हात लावायचा प्रयत्न केला. चालत्या पायावर. दोघी आपटता आपटता वाचल्या.

"ताई, माझ्या नावाचा एक फेरा घाल गं," ती बाई बसल्या जागेवरून ओरडली. "पोराला नोकरी लागू दे!"

हर्षला घरी आली ती तणतणत. "आई, हे काय आहे?"

विमलबाईने तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत अकरा अकरा रुपयांच्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर नाव.

"ही फसवणूक आहे!"

"कशी गं? तू फेरे घालत नायस?"

"घालते, पण..."

"मग त्यांच्या नावानं घाल. पायाला काय कळतंय कुणाच्या नावाचा फेरा हाय ते? बूट बघ तुझे. अंगठा बाहेर आलाय. सरकारनं घेऊन दिला बूट? किशोर साहेबानं दिला?"

हर्षला तडक शिळफाट्यावर गेली. नवनाथ सर टेंपोखाली होते. फक्त पाय दिसत होते. त्या पायांना तिने सगळी हकिगत सांगितली.

"मोठ्या खेळाडूच्या छातीवर कंपनीचं नाव असतं ना?" टेंपोखालून आवाज आला. "तुझ्या फेऱ्यावर गौराकाकीचं. नावं लक्षात ठेव आणि फेरे चुकवू नको. पैसे घेतलेस तर काम चोख दे."

"पण सर, मी नक्की काय करतेय? सराव की नवस?"

सर बाहेर सरकले. ऑइलने काळा झालेला चेहरा त्यांनी काळ्या फडक्याने पुसला. विचार करून म्हणाले, "किलोमीटरला किती लागतायत?"

"चार बावन्न."

"मग काय पण असू दे."

तरी तिने एकदा खरेपणाचा प्रयत्न केलाच. गौराकाकीला वाटेत गाठून म्हणाली, "काकी, नवसबिवस काय नाय. मी शर्यतीसाठी चालते."

गौराकाकीने तिच्या गालावरून हात फिरवला. "बरोबर हाय, बाय. नवस बोललेल्यानं नाय म्हणायचंच असतं."

गेल्या वर्षी हीच बाई खरं ऐकून हसली होती. या वर्षी तेच खरं ऐकून तिचे डोळे भरून आले होते.

*

मग एका सोमवारी किशोर साहेबांनी स्वतः तिला बोलावलं. हर्षलाला वाटलं, काढलं कामावरून. साहेब उभे होते. माणूस आत आल्यावर साहेब उभे आहेत, हे दृश्य त्या खोलीने बहुधा प्रथमच पाहिलं.

"हर्षला, अगं तू नवसाचं बोलली का नाहीस?"

"साहेब?"

"आमच्या मिसेस सुप्रियाचं माहेर तुमच्या बाजूचं. तिच्या आईने सांगितलं. दोन महिने रोज! पाय न उचलता! आणि मी वेड्यासारखा रजा अडवून बसलोय. देवीचं काम आहे आणि मी नाही म्हणेन? मला पोरंबाळं आहेत." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "कारण लिही. 'नवसपूर्ती.' पगार कापणार नाही. ते पाप कोण घेईल?"

हर्षला फॉर्मकडे बघत राहिली. खेळाचा कॉलम नव्हता. 'धार्मिक' होता, छापील, चौकोनासकट.

"कधी आहे पूर्ती?"

तिच्या तोंडून रांचीची तारीख निघून गेली. गेली ती गेली. साहेबांनी सुप्रियाला सांगितलं, सुप्रियाने आईला, आईने गौराकाकीला. संध्याकाळी हर्षला बसमधून उतरली तेव्हा शिळफाट्यावर येसाजीशेठचा फलक लागला होता. 'हर्षलाताईंच्या नवसपूर्तीनिमित्त रविवारी भव्य भंडारा.' हर्षलाचा फोटो रेशनकार्डाएवढा, येसाजीशेठचा दाराएवढा. येसाजीशेठने डोंगराखालची भातशेती बंगलेवाल्यांना विकली तेव्हापासून असं काहीतरी केल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

म्हणजे आता रजा होती. गाडीभाड्यापुरते पैसे होते. नवे बूट होते. आणि ज्या रविवारी सकाळी रांचीला चालायचं, त्याच रविवारी सकाळी गावात वीस फेरे घालायचे होते. वीसचा आकडा विमलबाईने दिलेला. रांचीला एक एक किलोमीटरचे वीस फेरे असतात हे पोरीने सांगितलेलं तिच्या डोक्यात होतं. विचारल्यावर तेच तोंडातून आलं.

"रांचीला जाऊच नको आता," हर्षला भिंतीला टेकून म्हणाली. ती रडत नव्हती. तेवढी ताकद वाया घालवायची तिला सवय नव्हती. "गेले तर गाव तुला जगू देणार नाय. नाय गेले तर मी जन्मभर डबे भरेन."

विमलबाई पदर खोचून उठली. "कौल लावते."

*

जाखमातेचा गुरव धाऊ. कुणाला काही विचारायचं असलं की धाऊ देवीच्या दोन खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. तिथे वकील चालत नाही आणि तारीख पडत नाही.

अर्धं गाव जमलं. येसाजीशेठ खुर्ची घेऊन आले. विमलबाईने पदर पसरला आणि या सगळ्या भानगडीत पहिल्यांदा खरं बोलली.

"आई, पोरीला वीस फेरे घालायचे हायेत. पूर्वेला, रांची म्हणून गाव हाय, तिकडं. अजून लय बाया येणार हायेत. इथं घालू दे का तिकडं जाऊ दे? तिकडं जायचं तर उजवा दे."

धाऊने हात मागे घेतला न घेतला तोच उजवं फूल टपकन पडलं. जो निर्णय किशोर साहेबांना सव्वा महिन्यात झाला नाही तो देवीने एका श्वासात दिला. आणि तिने पत्रावर कपही ठेवला नाही.

"पण माझा भंडारा?" येसाजीशेठ उठले.

"भंडारा इथंच करा शेठ," मागून नवनाथ सर म्हणाले. "फेरे फोनवर दिसतात. तुमचा तो मोठा पडदा आणलाय ना, त्याला फोन जोडून देतो."

पडदा येसाजीशेठने आपलं भाषण लांबून दिसावं म्हणून भाड्याने आणला होता. पण देवीचा कौल झाल्यावर बोलणार काय? तिकीट एकाचंच निघालं. म्हणून हर्षला एकटी गेली, आणि गुरू पडद्याची वायर धरून गावात राहिले.

*

रविवारी सकाळी सातला देवळासमोर तीनशे माणूस. पडदा लागला आणि सगळ्यांचा गोंधळ उडाला.

"अगं बाई!" गौराकाकी ओरडली. "एवढ्या जणींचा नवस?"

पडद्यावर बत्तीस बायका होत्या. सगळ्या कंबर हलवत, हात झटकत, बूट घालून, न पळता गोल फिरत होत्या.

"पंजाबची हाय ती पुढची," नवनाथ सर म्हणाले. "ती उत्तराखंडची."

"तिकडं पण जाखमाता हाय?"

"असंल."

"आपली कुठं हाय?"

"सातवी. थांबा. ती मागून येते."

प्रत्येक फेऱ्याला धाऊ गुरव घंटा वाजवत होता. बायका मोजत होत्या. ज्यांच्या नावाचा फेरा असेल त्या उभ्या राहून हात जोडत होत्या. चौथा फेरा सुप्रियाचा होता. किशोर साहेब तिच्याशेजारी डोळे मिटून उभे राहिले. नवव्या फेऱ्याला हर्षला चौथी झाली. आणि तिथेच कडेला उभ्या एका टोपीवाल्या माणसाने तिला पिवळी थाळी दाखवली.

"तो कोण?" विमलबाईने विचारलं.

"पंच हाय. म्हणतो, पाय सुटला. पिवळी म्हणजे ताकीद."

तेराव्या फेऱ्याला पंचांच्या फळ्यावर तिच्या नावापुढे लाल खूण आली. सोळाव्याला दुसरी. नवनाथ सरांनी हातातली वायर गच्च आवळली, पडद्यावर रांची हलायला लागली. "अजून एक लाल आली तर बाजूला दोन मिनटं उभी करतील," ते पुटपुटले. "मग संपलं."

गौराकाकी पडद्याजवळ गेली. इतकी जवळ, की लोकांना रांचीऐवजी तिचा अंबाडा दिसायला लागला. आणि तिने त्या टोपीवाल्याला तोंडावर सुनावलं.

"ए मुडद्या! कुणाचा पाय सुटला म्हणतोस? दोन महिनं मी रोज बघते तिला! कुत्री लागली तरी सुटला नाय, आता सुटंल? तुझा चष्मा बदल! ती चढाला उजवा हात जरा आत घेते, म्हणून तुला तसं वाटतं!"

नवनाथ सर वळून बघत राहिले. उजव्या हाताचं ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. राज्यात हर्षलाचं चालणं सगळ्यात जास्त कुणी पाहिलं असेल तर या दूधवाल्या बाईने, आणि तिला अजून ही शर्यत आहे हे माहीत नव्हतं.

एकोणिसाव्या फेऱ्याला उत्तराखंडची बाजूला उभी केली गेली. विसाव्या फेऱ्याची घंटा धाऊने एवढी बडवली की आतला लोलकच तुटून खाली पडला. हर्षला तिसरी आली.

"नवस फिटला!" गाव ओरडलं. विमलबाईने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. येसाजीशेठने भाषणाचा कागद काढला, पण तोवर पंगत बसली होती.

*

बुधवारी हर्षला कामावर गेली. किशोर साहेबांसमोर पेपर पडला होता, त्यात पदक घातलेला तिचा फोटो.

"रजा नवसाची आणि फोटो स्पर्धेचा," साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "मी डोळे मिटून होतो, पण फाइलला डोळे असतात. ऑडिटला मी काय दाखवू?"

"हे प्रमाणपत्र आहे साहेब. राष्ट्रीय, तिसरा क्रमांक."

"हे चालत नाही. कारण काय लिहिलंय? नवसपूर्ती. मग नवस पूर्ण झाल्याचा दाखला आण."

तिने दुसऱ्या दिवशी धाऊ गुरवाच्या सहीचा कागद आणला. 'सदर मुलीने वीस फेरे पाय न उचलता पूर्ण केले, देवी समाधानी आहे.' तो फाइलला लागला. राष्ट्रीय प्रमाणपत्र साहेबांनी परत दिलं. कपाच्या डागासकट.

शिबिराचं पत्र त्याच आठवड्यात आलं. जुलै ते ऑक्टोबर, चार महिने. हजर झाल्यावर तीन महिन्यांनी भत्ता सुरू. तोवर घर चालवायचं म्हणजे नोकरी टिकवायची, आणि नोकरी टिकवायची म्हणजे चार महिन्यांची रजा. ती पत्र घेऊन चुलीपाशी बसली. हे तर पाच दिवसांपेक्षा अवघड होतं.

"चार महिने कोण सोडणार मला? एवढा मोठा नवस असतो का?"

विमलबाईने भाकरी उलटली. "नवस नसतो. चातुर्मास असतो."

हर्षलाने आईकडे बघितलं.

"आषाढापासनं कार्तिकापतूर. बरोबर चार महिने," विमलबाई म्हणाली. "अधिक आला तर पाच. विचार तुझ्या सरांना, शिबिर वाढवतात का."

या वेळी हर्षलाने फसवणूक हा शब्द काढला नाही. तिने वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : चातुर्मास व्रतासाठी रजा मिळणेबाबत. व्रताचे ठिकाण : परराज्य.'

किशोर साहेबांनी अर्ज वाचला. एकदाच. सही करायला पेन उघडलं, मग थांबले, खाली वाकले आणि टेबलाखाली आधी पायातले बूट काढून ठेवले.